पिकअप गेला? पार्ट बदलण्याआधी पेट्रोलचा दाब मोजा

२०२५च्या पावसाळ्यात ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून ओळखीतले गाडीवाले मला एकच प्रश्न विचारतात : "ॲव्हरेज पडलाय, गाडीत दम राहिला नाही. पेट्रोलचं प्रेशर वाढवून घेऊ का?" कुणाला गॅरेजमध्ये कोणीतरी सुचवलेलं असतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. मी उलट विचारतो, "आत्ता प्रेशर किती आहे?" याचं उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही. ताप किती आहे ते न बघताच गोळीचा डोस वाढवायचा, असा हा प्रकार आहे.

हा दाब म्हणजे काय, तो कुठे तयार होतो, बिघडला तर कसा ओळखायचा आणि खरंच वाढवायचा असतो का, हे एकदा नीट समजून घेतलं तर बराच पैसा वाचतो. माझा वाचला नाही, म्हणून सांगतोय.

तिसऱ्या मजल्यावरचा नळ

'पाण्याला प्रेशर नाही' ही तक्रार आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तळमजल्यावर बादली दोन मिनिटांत भरते आणि तिसऱ्या मजल्यावर तीच बादली भरायला दहा मिनिटं लागतात. नळ तोच असतो, बादलीही तीच. बदलतो तो मागून येणारा दाब.

गाडीतही टाकीपासून इंजिनपर्यंत असंच एक छोटं नळकाम असतं. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीच्या आत एक विजेची मोटर बसवलेली असते. हा फ्यूल पंप. तो पेट्रोल उचलून फिल्टरमधून इंजिनवरच्या एका आडव्या नळीत ढकलतो. त्या नळीला फ्यूल रेल म्हणतात आणि तिला इंजेक्टर लावलेले असतात. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा बारीक तोंडाचा नळ. तो किती वेळ उघडा ठेवायचा हे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. इंजिन नुसतं चालू ठेवायला हा वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत ईसीयू पेट्रोल मोजत नाही, वेळ मोजतो. डोळे मिटून, वीस आकडे म्हणून बादली भरणाऱ्या माणसासारखा. नळाला नेहमीचा दाब असेल तर वीस आकड्यांत बादली बरोबर भरते. दाब कमी झाला तर त्याचे आकडे बरोबर असूनही बादली अर्धी राहते.

हा दाब असतो तरी किती? साध्या एमपीएफआय गाडीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाडीत, रेलवर साधारण ३ बार, काही गाड्यांत साडेतीन-चार. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो, रेलमध्ये ४३च्या आसपास असतो. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यावर घरोघरच्या मोटरसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर आल्या. त्यांच्यातही दाब याच घरातला, ३ बारच्या जवळपास.

एवढा दाब लागतोच कशाला?

इंजेक्टर येण्याआधी पेट्रोल हवेत मिसळायचं काम कार्बोरेटर करायचा. त्या जमान्यात ३ ते ५ पीएसआयवर भागत होतं. इंजिनला चिकटलेला एक यांत्रिक पंप हळूहळू पेट्रोल ढकलायचा, कार्बोरेटरची वाटी भरायची आणि पुढचं काम हवेची ओढ करायची. पण दाब कमी म्हणून पेट्रोल उन्हाळ्यात नळीतच उकळायचं. वाफेचा बुडबुडा अडकला की गाडी घाटात ठप्प. पद्मिनी चालवलेल्या माणसाला विचारा, पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबायचं हा उपाय तो लगेच सांगेल.

त्यामागचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो, म्हणून आतलं पाणी १००ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. पेट्रोलही दाबाखाली ठेवलं की सहज उकळत नाही. शिवाय दाबामुळे इंजेक्टरच्या तोंडातून धार न पडता बारीक फवारा उडतो. फवारा जितका बारीक, तितकं ते हवेत नीट मिसळतं आणि पूर्ण जळतं.

कुकरची शिट्टी म्हणजेच रेग्युलेटर

पंपाची ताकद ३ बारपेक्षा बरीच जास्त असते. मग रेलवर बरोबर ३च कसे राहतात? कुकरची शिट्टी आठवा. ठरलेल्या दाबाला ती उचलली जाते, जादा वाफ सोडते आणि पुन्हा बसते. रेग्युलेटर हेच करतो. त्याच्या आत एक स्प्रिंग आणि एक पातळ पडदा असतो. दाब वाढला की पडदा मागे सरकतो आणि जादा पेट्रोल टाकीत परत जातं.

जुन्या रचनेत रेग्युलेटर इंजिनपाशी असतो आणि त्याला इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या भागातून, एक बारीक रबरी नळी येते. ही नळी फार हुशारीनं ठेवलेली आहे. इंजेक्टरच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला इंजिनची ओढ. ओढ वाढली की त्याच वेळात जास्त पेट्रोल ओढलं जाईल. म्हणून ओढ वाढेल तसा रेग्युलेटर दाब थोडा उतरवतो आणि दोन्ही बाजूंमधला फरक कायम राखतो. अशा गाडीत इंजिन स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू असताना गेजवर २.५ बार दिसतील आणि नळी काढली की ३. हा बिघाड नव्हे, तब्येत ठणठणीत असल्याची खूण आहे.

नव्या गाड्यांत परतीची नळी इंजिनपर्यंत येतच नाही. रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या शेजारी बसवतात, दाब एकसारखा ठेवतात आणि ओढीचा हिशोब ईसीयू आकडेमोडीनं करतो. आपली गाडी यातल्या कोणत्या जातीची आहे हे आधी विचारून घ्या. एकीचं रीडिंग दुसरीला लावलं की चांगला पंप भंगारात जातो.

दाब चुकला की गाडी काय बोलते

दाब कमी असेल तर गाडी दम टाकते. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढाला, ओव्हरटेकला किंवा चार माणसं आणि एसी असताना झटके मारते. सकाळी सेल बराच वेळ मारावा लागतो. दाब जास्त असेल तर सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळी धरलेले प्लग आणि कोसळलेला ॲव्हरेज. हे फार दिवस चाललं तर न जळलेलं पेट्रोल धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग तापून खराब होतो.

खरी अडचण अशी की खराब प्लग, कमजोर कॉइल, हवेची गळती, कचरा भरलेला इंजेक्टर, सगळ्यांची लक्षणं जवळपास हीच. लक्षणं बघून अंदाजानं पार्ट बदलत गेलं की गॅरेजचं बिल वाढतं आणि गाडी तशीच राहते.

कसारा घाटात मी काय शिकलो

माझी २०११ची हॅचबॅक मे महिन्यात कसारा चढताना तिसऱ्या गिअरला झटके मारू लागली. वर पोचून थोडी थंड झाली की पुन्हा शहाणी. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली. नऊ हजारांच्या वर गेले. पुढच्या महिन्यात त्याच वळणावर तेच झटके. आता पंप बदला, असं सांगितलं गेलं.

नाशिक रोडला एक वयस्कर मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, पण पाना उचलला नाही. "काका, पंप गेलाय म्हणतात," मी म्हणालो. "गेला असेल, पण त्याला विचारू तर," असं म्हणून त्यांनी पेट्रोलच्या नळीत टी-जोड बसवला आणि गोल गेजची लांब नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून काढून गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलं. बाहेरून मुद्दाम, कारण पेट्रोलनं भरलेलं गेज गाडीच्या आत घ्यायचं नसतं. इंजिन चालू केल्यावर काटा ३ वर स्थिर होता. इथेच कुणीही म्हणालं असतं की दाब ठीक आहे. काका म्हणाले, "उभ्या गाडीत सगळेच पैलवान असतात." मग पुलाच्या चढावर गाडी दाबून चालवली. काटा ३वरून २.४ला आला, मग १.८ला, आणि बरोबर त्याच क्षणी झटका बसला.

परत आल्यावर त्यांनी मागची सीट उचलली आणि पंप चालू असताना त्याच्या प्लगवर मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, पंपापर्यंत पोचत होते ९.४. मधले साडेचार व्होल्ट कुठे गेले? अर्थिंगच्या वायरचा बोल्ट गंजून तांबडा झाला होता. तो पॉलिश पेपरनं घासला, घट्ट केला आणि पुन्हा मोजलं तर १३.५. चढावर काटा हलला नाही. पंप आजही तोच आहे.

गेज वाचायचं कसं

काकांनी त्या दिवशी जे केलं त्यात एक क्रम होता. तो तुम्हालाही कळला पाहिजे, म्हणजे समोरचा नेमकं काय मोजतोय ते लक्षात येईल.

आधी नळीतला दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. तरीही नळी सोडवताना कापड धरायचं आणि जवळ अग्निशामक ठेवायचं. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात गरम इंजिनाजवळ काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गेज लावल्यावर नुसती चावी ऑन करायची. पंप दोन-तीन सेकंद घूंऽऽ करून थांबतो, तेवढ्यात काटा ठरलेल्या आकड्यापाशी जायला हवा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग बघायचं. आवाज आहे पण काटा उचलत नाही, तर चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा सैल पडलेला रेग्युलेटर. परतीची रबरी नळी असलेल्या गाडीत यांची फारकत झटकन होते. ती नळी क्षणभर चिमटीत दाबायची. काटा ताडकन वर गेला तर पंपात ताकद आहे, रेग्युलेटर दाब गळू देतोय. काटा ढिम्म राहिला तर दोष पंप, फिल्टर किंवा विजेत आहे. मात्र प्लॅस्टिकची कडक नळी कधीही दाबू नका. तिला चीर पडते आणि ती चीर पुढे कधीतरी गळते.

स्लोला दाब बरोबर दिसला म्हणून सुटका नाही. नुसती बंद नळातली ताकद बघून पाणी किती येतं ते कळत नाही, धार सोडूनच बघावी लागते. म्हणून एक तर गाडी भाराखाली चालवायची, नाहीतर पंपाचं पेट्रोल मापात काढायचं. अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर यावं, असा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

शेवटी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं काटा बघत बसायचं. तो हळूहळू थोडा उतरला तर चालतं. धडाधड शून्यावर आला तर कुठेतरी दाब निसटतोय : पंपातल्या एकेरी झडपेतून, रेग्युलेटरमधून किंवा गळक्या इंजेक्टरमधून. जुन्या रचनेच्या गाडीत मी आणखी एक गोष्ट आवर्जून बघायला सांगतो. रेग्युलेटरची ती बारीक नळी काढून तिचं तोंड हुंगा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन त्या नळीतून फुकटचं पेट्रोल पितंय. काळ्या धुराचं कारण असं दहा सेकंदांत सापडू शकतं.

"मग दाब वाढवला तर पिकअप वाढणार नाही का?"

नाही, आणि याचं गणित सोपं आहे. इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पेट्रोल दुप्पट हवं असेल तर दाब चौपट करावा लागेल. ३चे ४ बार केले तर पेट्रोल वाढतं सुमारे १५ टक्के. आता हे जास्तीचं पेट्रोल जाळायला हवा कुठून येणार? हवा तेवढीच आहे. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. डोळे मिटून भरलेल्या बादलीत नंतर डोकावून बघणारा तो माणूस. तो ईसीयूला कळवतो की जास्त होतंय, आणि ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करतो. म्हणजे पैसे देऊन केलेला बदल गाडी स्वतःच पुसून टाकते. तिच्या आवाक्याबाहेर गेलं की इंजिनचा दिवा लागतो.

शिवाय कंपनीच्या गाडीत दाब फिरवायला स्क्रू नसतोच. तो असतो बाहेरून बसवायच्या ॲडजस्टेबल रेग्युलेटरला. टर्बो लावलेल्या, मोठे इंजेक्टर टाकलेल्या किंवा शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनांना त्याची खरी गरज असते. तिथेही पद्धत ठरलेली आहे : ओढीची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, इंजिन स्लोला ठेवायचं, लॉक नट सैल करून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, दर वेळी काटा स्थिर होऊ द्यायचा, मग नट आवळून नळी परत लावायची आणि दाब थोडा उतरतो का ते बघायचं. त्यानंतर ईसीयूचं ट्यूनिंग आलंच. तुमच्याकडे अजून कार्बोरेटरची गाडी असेल आणि तिला विजेचा पंप बसवला असेल, तर मात्र रेग्युलेटर हवाच. ५ पीएसआयच्या बरंच वर गेलं की वाटीची सुई दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल वरून वाहू लागतं.

"पण ई-२०ला तर जास्त पेट्रोल लागतं ना?"

हा प्रश्न रास्त आहे. आपल्याच उसातून आणि मक्यातून येणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते आणि जळायला हवाही कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं. पण ही तफावत ऑक्सिजन सेन्सरवाल्या गाडीचा ईसीयू इंजेक्टरचा वेळ वाढवून भरून काढतो. दाबाला हात लावायची गरज नाही. ॲव्हरेज थोडा पडतो तो ऊर्जा कमी म्हणून. ई-१०साठी (१० टक्के इथेनॉल) बनवून ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के, असं पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. दाब वाढवून पेट्रोलमध्ये नसलेली ऊर्जा येत नाही.

जुन्या गाडीत इथेनॉलचा दाबाशी संबंध येतो तो वेगळ्या वाटेनं. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. इथेनॉलसाठी न बनवलेलं जुनं रबर कडक पडतं किंवा फुगतं. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषतं. तुमची गाडी पंधरा वर्षांची असेल आणि अलीकडेच चढाला दम टाकू लागली असेल, तर फिल्टर आणि रबरी नळ्या आधी बघा.

"स्कॅनर लावला की कळतं, गेज कशाला?"

बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत रेलवर दाबाचा सेन्सरच नसतो. मग ईसीयूला जोडून त्याची माहिती वाचणारा स्कॅनर सांगणार कुठून? तो पी०१७१ असा कोड दाखवतो, ज्याचा अर्थ इतकाच की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. ते कमी दाबामुळे, फाटलेल्या हवेच्या नळीमुळे की घाण इंजेक्टरमुळे, हे त्याला माहीत नसतं. हा कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी पाहिले आहेत. बिचारा सेन्सर खरं बोलत होता, आणि त्यालाच काढून टाकलं.

डिझेल कॉमन रेलच्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत सेन्सर असतो, तिथे स्कॅनरवरच दाब वाचायचा. आणि तिथे घरी काहीही सोडवायचं नाही. डिझेलच्या रेलमध्ये दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर असतो. केसाएवढ्या चिरेतून येणारी धार हाताची त्वचा भेदून आत शिरते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आतला भाग सडू लागतो आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं.

जवळ गेज नसेल तर

गेज नसतानाही घरच्या घरी थोडं कळतं. सकाळी शांततेत चावी ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या, पंपाचा तो दोन-तीन सेकंदांचा आवाज यायला हवा. तो रोजच्यापेक्षा कर्कश झाला असेल तर पंप थकतोय किंवा फिल्टर चोंदलाय. पंपाला थंडावा आणि वंगण टाकीतल्या पेट्रोलचंच मिळतं, म्हणून रिझर्व्हवर गाडी ओढायची सवय सोडा, पाव टाकी तरी ठेवा.

आणि सकाळी सेल बराच वेळ मारावा लागत असेल तर उद्या हे करून बघा. चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा करून मगच सेल मारा. गाडी झटक्यात चालू झाली तर रात्रभरात नळीतला दाब गळून जातोय, हे जवळपास नक्की. मेकॅनिककडे गेलात की 'स्टार्टिंग ट्रबल आहे' एवढंच न सांगता हे सांगा : "तीनदा चावी फिरवली की लगेच चालू होते, नाहीतर नाही." ज्याला कामाची जाण आहे तो हे ऐकून प्लगचा पाना बाजूला ठेवेल आणि गेज शोधायला लागेल.